साहेबांच्या हस्ते

आमचे सर खुर्चीत बसलेले मी कधी पाहिले नाहीत. स्टाफरूममध्ये बाकीचे मास्तर टेबलाला पोट लावून चहा प्यायचे आणि हे कोपऱ्यात उकिडवे. दोन्ही कोपरं गुडघ्यावर, कपबशी पायाशी. पाहुणा आला तरी तसेच, तपासणीला अधिकारी आला तरी तसेच. हेडमास्तर एकदा वैतागून म्हणाले, "अहो सर, काय हे बसणं? लोक काय म्हणतील?" तर सर म्हणाले, "कॅचर असाच बसतो साहेब. हितून सगळं मैदान दिसतं. खुर्चीतून नुसतं टेबल दिसतं."

सगळं मैदान त्यांना दिसायचं, यात वादच नाही. त्या मैदानावर मी उघड्या तोंडानं बसलेय, हेही रोज दिसायचं. सरांविषयी कुणी गोड बोलायला लागलं की मला हे आठवतं, आणि मग माझं तोंड कडू होतं.

गेवराई तालुक्यात आमचा सहकारी साखर कारखाना, त्याच्या शेजारी कारखान्याच्या शिक्षण संस्थेची शाळा आणि शाळेला लागून हंगामी वसतिगृह. हंगामी म्हणजे दसरा-दिवाळीला आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं ठेवायची जागा. माझे आईबाप दर साली पश्चिमेकडं जायचे. गंमत बघा, कारखाना आमच्या दारात, कारखान्याचे सभासद म्हणून मिरवणारे आमच्याच गावात, आणि आमची माणसं कोयता घेऊन दुसऱ्यांच्या फडात. आमच्याकडं पाऊसच नाही तर ऊस कुठला! आम्ही पोरी वसतिगृहात पातळ वरण खाऊन राहायचो. अशा पोरींना सरांनी बेसबॉल शिकवला. पोरींनी मैदानावर पळावं का, असं विचारायला गावात कुणाचे आईबाप होते कुठं?

बेसबॉल म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला कळत नव्हतं, म्हणून सर ज्याला त्याला धरून समजावायचे. बसस्टँडवर, गिरणीत, सलूनमध्ये अर्ध्या दाढीला. एकीनं चेंडू फेकायचा, ती पिचर; दुसरीनं मारायचा, मारणारीच्या मागं जी उकिडवी बसून चेंडू झेलते ती कॅचर. मारलं की पळायचं. पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि जिथून निघालो तिथं परत, म्हणजे होम. घरी परत आलीस तर धाव. "साऱ्या दुनियेत हा एकच खेळ हाय," सर म्हणायचे, "ज्यात घरी पोचल्याबिगर मोजत न्हाईत. आपल्या बीडच्या माणसानं काढल्यासारखा खेळ हाय हा." सगळं गाव सहा महिने बाहेर असलेल्या आम्हाला हे ऐकून हसू यायचं नाही.

आणि प्रत्येक बेसला पाय लागलाच पाहिजे. चेंडू पार कारखान्याच्या कंपाउंडबाहेर गेला, तुम्ही नाचत घरी आलात, पण दुसऱ्या बेसला पाय लागला नसेल तर सगळं फुकट. सरांचा जीव या एका नियमात. त्यांच्या तोंडी एकच वाक्य, "बेसला पाय लागला का?" गृहपाठ दाखवला तरी तेच, जेवून आलो तरी तेच. आमच्या लिपिकाच्या लग्नात तर कहरच केला. सप्तपदी चालली होती, भटजींना दुसऱ्या लग्नाची घाई. सर पुढं उकिडवे बसून नवरदेवाच्या पायाकडं बघत होते. एकदम दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! शेवटचं पाऊल टेकलं न्हाई. परत घ्या!" मांडव हसून लोटपोट झाला. नवरीची आई मात्र घाबरली आणि तिनं खरंच परत घ्यायला लावलं.

सरांची स्वतःची बायको लग्न झाल्यावर वर्षाच्या आत माहेरी गेली, ती गेलीच. चौकातली टवाळ पोरं म्हणायची, "ह्याची बायको फर्स्ट बेसवरनंच माघारी पळाली बे." हे सरांच्या कानावर गेलं. रागावले नाहीत. म्हणाले, "फर्स्टवरनं माघारी पळता येत न्हाई. नियमात न्हाई." त्या माणसाला दुःख कुठं होतं, ते मला कधी कळलं नाही. नियमाच्या आड ते सगळं झाकून ठेवायचे.

मूळचे ते परळीचे, वडील थर्मल वीजकेंद्रात कामाला. मैदानावर रेघा मारायला चुना लागतो, आणि शाळा चुना देईना. मग सर सुट्टीला गावी गेले की येताना थर्मलची राख पोत्यात भरून एसटीनं आणायचे. एकदा कंडक्टरनं पोत्याला हात लावला. "काय हाय ह्यात?" "राख," सर म्हणाले. कंडक्टरनं टोपी काढली. "कोण गेलं गुरुजी?" "कोणी न्हाई. खेळायला न्यायलोय." कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं, आणि बीड येईपर्यंत सरांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

क्रिकेटचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायचे. कुणी क्रिकेटची बॅट घेऊन मैदानात आलं की म्हणायचे, "ही धोपटणी तुझ्या आईला नेऊन दे, कपडे धुवायला कामाला येईल." बेस म्हणजे बारदानाची पोती, आत कारखान्यातलं चिपाड ठासलेलं. पिचरला आणि कॅचरला हातमोजे गावातल्या चांभाराकडून शिवून घेतलेले, बैलाच्या जुन्या म्होरकीचं चामडं लावून. बाकीच्या पोरी उघड्या हातानं. चेंडू एकच, तोही शिवून शिवून दगडासारखा कडक झालेला. बोटं सुजायची, नखं काळी पडायची. वसतिगृहाच्या बाई हळद लावून द्यायच्या आणि सरांना शिव्या घालायच्या.

मी कॅचर झाले ते मला बसता येत होतं म्हणून. वसतिगृहात यायच्या आधी फडावर आईबरोबर मोळ्या बांधायला बसून बसून माझे गुडघे दुखायचे बंद झाले होते. आणि मला खेळाचा फार नाद होता असं बिलकुल नाही. मला खाकी पाहिजे होती. खोटं कशाला बोलू?

त्याचं असं झालं. एका हंगामात मी फडावर असताना मुकादमानं माझ्या आईला सगळ्यांसमोर घाण शिव्या दिल्या. आई खाली मान घालून ऐकत होती. तेवढ्यात कारखान्यावर बंदोबस्ताला आलेली एक पोलीस बाई तिथून चालली होती. ती थांबली. काठी मुकादमाच्या छातीला टेकवून एवढंच म्हणाली, "पुन्हा बोल." मुकादम मागं सरला. माझ्या बापाला जमलं नव्हतं ते त्या बाईच्या काठीनं केलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना.

हे मी सरांना सांगितलं होतं. म्हणून दसऱ्याला आमचा ट्रॅक्टर भरत होता तेव्हा सर दारात येऊन माझ्या बापापुढं, आप्पांपुढं, उकिडवे बसले. त्या साली आप्पा मला शाळेतून काढून फडावर न्यायच्या विचारात होते. पोरगी हाताशी आली होती ना!

"पोरगी मला द्या," सर म्हणाले. "हिच्या हातात कोयता देऊ नका."

"खेळून काय व्हतंय सर?" आप्पा म्हणाले.

"राज्याला खेळली की सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर पोलीस भरतीत खेळाडूची राखीव जागा. आमच्या खेळाला टीमाच थोड्या, राज्याला पोचणं लई अवघड न्हाई. पोरगी जबर बसती, आप्पा. हिच्या मागं चेंडू जात न्हाई."

"आन् काय लागलं-बिगलं तर? पोरीची जात हाय."

"जिम्मेदारी माझी," सर म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि ट्रॅक्टरमधून माझी वळकटी खाली टाकली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट कोणती, तर ती वळकटी धपकन मातीत पडली ती. असो.

तो दुष्काळाचा तिसरा की चौथा हंगाम असावा. कारखान्याचं धुराडं नावापुरतं धुपलं आणि बंद झालं. त्याच साली पुण्याकडची एक मोठी कंपनी आमच्याकडं आली. दुष्काळी भागात काहीतरी चांगलं करायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्यांची स्वतःची बेसबॉलची टीम होती, पगारी खेळाडूंची. सर त्यांना वर्षभर पत्रं लिहीत होते. कुणी उत्तर देईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. आणि एका सकाळी पांढरी बस मैदानाला लागली आणि आतून उंचच्या उंच गडी उतरले, इस्त्रीच्या कपड्यातले. सर त्यांच्याकडं बघत राखेच्या रेघेवर उभे होते. रेघ पुसली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. असं मी पहिल्यांदाच बघितलं.

त्या टीमचा कॅचर होता एक, आम्ही त्याला दादा म्हणायला लागलो. त्यानं मला दिवसभर शिकवलं. चेंडू मातीत पडला तर छाती कशी घालायची, मान कशी ठेवायची. आणि कंपनीनं आणलेल्या दोन मोठ्या पेट्यांतून त्यानं एक मास्क काढून माझ्या तोंडावर चढवला. लोखंडी जाळी, आतून मऊ गादी, मागं चामड्याचे पट्टे. मला तो इतका हलका वाटला की मी हातानं चाचपून पाहिला. जाळीतून सगळं दिसत होतं, आमची पिचर संगी चेंडू टाकायला उभी, तिच्या मागं कारखान्याचं धुराडं. दादा म्हणाला, "हे बघ, याच्याशिवाय बॅटच्या मागं बसायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही. कळलं?" मी मान डोलावली. मास्कमध्ये मान डोलावली की खुळखुळ आवाज यायचा. मग त्यानं मास्क काढून घेतला आणि पेटीत ठेवला.

पेटीत ठेवला, कारण सामान अजून 'दिलेलं' नव्हतं. नुसतं आणून दिलं म्हणजे दिलं असं आपल्याकडं होत नाही. नारळ पाहिजे, स्टेज पाहिजे, आणि कुणाच्या तरी हस्ते पाहिजे. कंपनीनं सामान संस्थेच्या नावानं दिलं, संस्थेचे अध्यक्ष कारखान्याचे चेअरमन, तेव्हा वाटप चेअरमनसाहेबांच्या हस्ते होणार असं ठरलं. कंपनीलाही फोटो हवाच होता. तोवर पेट्या शाळेच्या ऑफिसात, कुलूप लावून. किल्ली सरांकडं. सरांनी ती करगोट्याला बांधली. पळताना ती वाजायची.

आणि आठवडाभरात चेअरमनसाहेबांनी घोषणा केली.

आमच्या अर्ध्या मैदानावर चारा छावणी सुरू झाली तो दिवस. दावणीला गुरं, पाण्याचे टँकर, धूळ. स्टेजवर कुणीतरी साहेबांना हार घालायला गेलं. साहेबांनी तो हात धरला आणि माइकवर म्हणाले, "जोवर माझ्या भागातलं जनावर तहानलेलं हाय, तोवर ह्या गळ्यात हार पडणार न्हाई. सत्कार न्हाई, वाढदिवस न्हाई, कसलाच कार्यक्रम न्हाई." काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. पेपरात आलं. सरांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या, आणि परत येताना आम्हाला म्हणाले, "माणूस मोठा हाय. नेमाचा हाय."

संगीनंच विचारलं, "सर, मग आपलं वाटप?"

सर चालता चालता थांबले. दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या सेक्रेटरीकडं गेले. सेक्रेटरीनं काय सांगितलं ते सर आम्हाला नियम शिकवावा तसं शिकवत: "कार्यक्रम न्हाई तर हस्ते न्हाई. हस्ते न्हाई तर वाटप न्हाई." साहेबांना जाऊन विचारायचं कुणी? ज्यांनी गळ्यात हार नको म्हटलं त्यांना म्हणायचं की एक नारळ तेवढा फोडा? सेक्रेटरी म्हणाला, माझी छाती नाही. सरांची तर नोकरीच अजून कच्ची होती. संस्थेनं आज काढलं तर उद्या घरी.

मग सुरू झाले शनिवार. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर ऑफिस उघडायचे, पेट्या उघडायचे आणि उकिडवे बसून खोबरेल तेलानं हातमोज्यांचं चामडं चोळायचे. एकेक बोट, एकेक शिवण. मग मास्कचे पट्टे. "चामडं तहानलं की तडकतं," म्हणायचे. आम्ही पोरी खिडकीच्या गजाला धरून बघायचो. आमच्या केसांना महिना महिना तेल नव्हतं.

"सर, एकदा घालू द्या ना," संगी म्हणायची.

"एकदा हस्ते होऊ दे. मग तुमचंच हाय सगळं."

"कोणाला कळायलंय सर? छावणीतली गुरं सांगणार हायत का?"

"मला कळतं ना," सर म्हणायचे, आणि कुलूप ओढून बघायचे, नीट लागलं का.

तेल लावून, पुसून, पेटीत. खिडकीतल्या पोरींचं एवढंही त्यांना वाटू नये! पण त्यांना वाटत होतं. तेच तर वाईट. परत जाताना ते आमच्याकडं बघायचे नाहीत.

छावणीतल्या एका गाईनं दुसरा बेस खाल्ला. बारदानासकट. आमचा पळण्याचा सराव चालू होता, संगी पहिल्यावरून सुटली आणि पुढं बेसच नाही, गाय उभी, तोंडात चिपाड. सगळ्या पोरी लोळून हसल्या. गाईचा मालक काठी घेऊन धावला तर सरांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "खाऊ द्या. तिला बी घरीच जायचंय." त्यांच्या अशा बोलण्यानं जीव जडायचा, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पोतं भरलं, आणि ते गाईच्या दावणीपासून लांब ठेवण्यासाठी सगळं मैदान मोजून पलीकडं सरकवलं, राखेच्या रेघांसकट. आता सूर्य संगीच्या पाठीशी आला आणि माझ्या डोळ्यांवर.

विभागाची निवड जवळ आली होती. त्यातून राज्याची टीम निघणार. मी सरांना म्हणाले, "सर, चेंडू दिसत न्हाई नीट. मास्क तरी द्या." सर म्हणाले, "सोमवारी सेक्रेटरीकडं जातो. ह्या आठवड्यात काय तरी व्हईल." तो शनिवार होता. सकाळी ऑफिसात तेल लावून झालं होतं. दुपारनंतर सराव. संगीनं जोरात टाकला, बॅटवालीनं घुमवली, चेंडू बॅटला चाटून वर उडाला. त्याला किती वेळ लागतो? मला तो दिसलाच नाही. मला आवाज ऐकू आला, नारळ फोडल्यासारखा.

टँकरवाल्याच्या जीपमध्ये घातलं मला. माझं डोकं सरांच्या मांडीवर. बीड येईपर्यंत त्यांनी तळहात माझ्या कपाळावर दाबून धरला होता, आणि त्या हाताला खोबरेलाचा वास येत होता. मास्कच्या पट्ट्याला सकाळी लावलेलं तेच तेल. मला ओकारी आली. बीडहून पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. डावा डोळा काढला.

पोलीस भरतीत डोळे तपासतात. दोन्ही.

आप्पा फडावरून आले तेव्हा सर दवाखान्याच्या व्हरांड्यात उकिडवे बसले होते. आप्पा मारतील असं मला वाटलं. आप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जिम्मेदारी म्हनला व्हता तुमी." एवढंच. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं, असं सर नंतर कुणाला तरी म्हणाले म्हणे. मी म्हणते, कुणासाठी बरं झालं असतं?

पुढचं संगीनं सांगितलं. सोमवारी सर मोठ्या दवाखान्यातून परत आले, भर दुपारी, सगळी शाळा मैदानात असताना. पेट्या उचलून मधोमध आणल्या. कुलूप उघडलं आणि ओरडले, "माझ्या हस्ते! घ्या!" आणि हातमोजे, हेल्मेटं पोरींच्या अंगावर फेकायला लागले. मास्क संगीला दिला. संगी म्हणते, तेव्हा ते रडत होते. संस्थेनं त्यांना आठवड्यात काढलं. संस्थेची मालमत्ता कार्यक्रमाविना वाटली म्हणून. माझ्या डोळ्याबद्दल त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही.

संगी माझ्या जागी कॅचर म्हणून बसली. मास्क घालून. विभागाला खेळली, राज्याला खेळली, आणि खाकीत गेली. आता बीडला असते. दिवाळीला येते माझ्याकडं, मिठाई घेऊन. मैत्रीण आहे माझी. तिचा युनिफॉर्म बघवत नाही मला, तेही तिला माहीत आहे, म्हणून साडी नेसून येते.

मग पाऊस झाला. चेअरमनसाहेबांनी हार घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात एवढे हार घेतले की मागचं सगळं भरून निघालं. आणि राहिलेलं वाटपही करायचं ठरलं! पोरींकडून सगळं सामान परत गोळा केलं, पुसलं, पेट्यांत घातलं, लाल फीत बांधली. कंपनीचे लोक आले, तो दादाही आला. माइकवर माझं नाव पुकारलं. साहेबांनी भाषणात माझ्या जिद्दीचं कौतुक केलं आणि तो मास्क दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. "घे, नमस्कार कर," आप्पा खालून म्हणाले. मी वाकले. फोटो निघाला. मास्कच्या गादीला संगीच्या घामाचा वास येत होता.

स्टेजवरून उतरल्यावर दादानं माझा चेहरा बघितला. त्याला काही माहीत नसावं. हळूच म्हणाला, "मास्क घातला नव्हतास?"

"हा काय," मी म्हणाले, "आत्ताच मिळाला."

त्याला अजूनही मी दोष देत नाही. त्यानं निदान सांगितलं तरी होतं.

आता मी घराच्या ओट्यावरच दूध संकलन केंद्र चालवते, तलवाड्याच्या रस्त्याला. सहकारी दूध संघ बुडाला, खाजगी डेअरीचं आहे. घरच्या दुधाच्या पातेल्यात मांजर तोंड घालतं म्हणून ते मी मास्कखाली झाकते. जाळी आहे, हवा खेळते, दूध नासत नाही. दुसरा काय उपयोग त्याचा?

सर आले मागच्या उन्हाळ्यात, सकाळी दूध घालायची गर्दी ओसरल्यावर. दाढी पांढरी, पायात तुटकी चप्पल. परळीला एका क्रिकेट अकादमीत राखणदार आहेत म्हणाले. क्रिकेट! मी हसले, ते हसले नाहीत. खुर्ची दिली, तर खालीच बसले, उकिडवे. गुडघे आता कुरकुरत होते. चहा दिला. बोलता बोलता त्यांची नजर पातेल्यावर गेली आणि तिथंच राहिली.

इतकी वर्षं जे तोंडाशी येऊन मी गिळत होते ते मी विचारलं. "सर, किल्ली तुमच्या कमरेला व्हती. कावून न्हाई उघडली?"

सरांनी कप खाली ठेवला. "भ्यालो."

"चेअरमनला?"

"न्हाई गं. नोकरीला भ्यालो, ते तर हायच. पन... जन्मभर सगळं नेमानं केलतं. कोणी तरी येईल, हात लावील, मग आपलं. दर सोमवारी वाटायचं, आता व्हईल. तू उघड्या तोंडानं बसलेली दिसायची. दिसत न्हाई असं न्हाई."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मला बरं वाटेल. नाही वाटलं. मला राग आला, आणि त्यांची दयाही आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. मी म्हणाले, "तेवढं नेमाचं माझ्या डोळ्याला सांगायचं व्हतं." मी काही माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

मग म्हणाले, "खोबरेल हाय का घरात?"

मी बाटली दिली. त्यांनी पातेल्यावरून मास्क उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पट्टे चोळायला बसले. पट्टे पार तडकले होते, तेल आत जात नव्हतं, तरी चोळत होते. शिवणीत बोट घालून, कडेकडेनं. पहिल्यासारखंच. झालं तेव्हा उठले आणि मास्क माझ्याकडं केला. मी हात पुढं केला. त्यांचा हात तिथंच थबकला. त्यांना तो माझ्या हातात देववेना. खाली वाकून त्यांनी तो माझ्या पायाशी, ओट्यावर ठेवला, आणि चप्पल घालून रस्त्याला लागले.

मी तो उचलून परत पातेल्यावर झाकला. चार-सहा दिवस घरच्या चहाला खोबरेलाचा वास येत होता. नवरा कुरकुरला, पोरांनी दूध पिणं सोडलं. मी मात्र रोज पीत होते.